मार्गे पाचवड

"मामा, तुझा नीश काय?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा मी ओट्याशी उभा राहून शेंगा फोडत होतो आणि कुकरची तिसरी शिट्टी होत होती. मला ‘नीच’ एवढंच ऐकू आलं. साठी ओलांडलेल्या माणसाला घरच्या पोरीनं असं विचारावं याचं वाईट वाटलं, पण प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. म्हणून मी प्रामाणिकपणे आठवायला लागलो. "एकदा सहामाहीच्या पेपरात एका मुलाचे चार गुण उगाच कापले होते," मी म्हटलं. "अक्षर बघून राग आला होता."

ती हसून हसून खाली बसली. मग तिनं समजावलं. ती पुण्यात एका कंपनीत आहे. तिचं नेमकं काम काय, हे तिनं मला तीनदा सांगितलंय आणि तीनही वेळा मी मान डोलावलीय. लोकांनी मोबाइलवर काय वाचावं हे लोकांच्या आधी ठरवायचं, असं काहीसं आहे. नीश म्हणजे, तिच्या म्हणण्याप्रमाणे, लिहिणाऱ्याचा ठरलेला एक विषय. "तू एका रविवारी एसटीवर लिहितोस, पुढच्या रविवारी मधमाश्यांवर, त्याच्या पुढच्या रविवारी नातवाच्या दातांवर. वाचणाऱ्यानं तुला नक्की कशासाठी धरून ठेवायचं?"

आता मी लिहितो म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मी भूगोलाचा मास्तर. राहायला साताऱ्यात, शाळा वाईला. सत्तावीस वर्षं रोज एसटीनं गेलो आणि एसटीनं आलो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पंचाईत अशी झाली की शरीर पहाटे साडेपाचला उठून स्टँडवर जायला निघायचं आणि त्याला दारातून परत आणावं लागायचं. त्यावर उपाय म्हणून बायकोनं सुचवलं, "अहो, तिथं जाऊन बसण्यापेक्षा तिथलं लिहून तरी काढा." म्हणून दर रविवारी फेसबुकवर लिहायला लागलो. पहिला लेख आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनावर होता. सत्तावीस वर्षांत त्या आसनावर मी एकही आमदार बसलेला पाहिला नाही, बहुतेक वेळा मीच बसलेलो असे, एवढाच त्याचा मथितार्थ. तो लेख कुठल्या कुठे गेला. नागपूरहून एकाचा निरोप आला, दुबईहून एकाचा आला. दुबईचे गृहस्थ म्हणाले, त्या आसनाचं फाटलेलं रेक्झिन त्यांना वासासकट आठवलं.

भाची गेल्यावर मी कपाटातला इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. मास्तरला शब्द पाहिल्याशिवाय झोप येत नाही. तिथं नीशचा पहिला अर्थ दिलेला होता, कोनाडा.

हे वाचलं आणि मला हायसं वाटलं, कारण कोनाडा मला चांगला माहीत आहे. आजोळच्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या होत्या आणि त्यात जागोजाग कोनाडे होते. बांधणाऱ्यानं प्रत्येक कोनाडा एकेका कामासाठीच ठेवला असणार. दाराजवळचा दिव्यासाठी, माजघरातला देवासाठी, चुलीजवळचा मिठाच्या बरणीसाठी. पण मी पाहिला तेव्हा दिव्याच्या कोनाड्यात दिवा होता, त्याच्यामागे रेशनकार्ड होतं, रेशनकार्डात आजोबांच्या चष्म्याची एक काडी होती, त्याशेजारी अडकित्ता, जायफळ, आलेली आणि उत्तर न दिलेली पोस्टकार्डं, बैलाच्या गळ्यातली एक घुंगुरमाळ, आणि सगळ्यात आत, हात घालायला भीती वाटेल अशा जागी, माझ्या मामाच्या पहिल्या दाढीचं ब्लेड. दिवा रोज तिथंच लागायचा. आजीला अंधारात काहीही हवं असलं तरी ती त्याच कोनाड्याकडे जायची आणि ते तिथं सापडायचं. कोनाड्यात एकच वस्तू ठेवतात, हे भाचीच्या कंपनीला कोणी सांगितलं कोण जाणे.

तिचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नव्हतं. माझ्या आकड्यांवरून दिसत होतं. एसटीवर लिहिलं की वाचणारे हजारांत, नातवाच्या दातांवर लिहिलं की अडतीस, आणि त्यातले बरेचसे नातेवाईक. मी विचारलं, असं का होतं? ती म्हणाली, यंत्र आधी तुझा लेख थोड्या लोकांना दाखवून बघतं. ज्यांनी तुझं पूर्वीचं वाचलंय, त्यांना. ते थांबले तर पुढे आणखी लोकांना दाखवतं. ते न थांबता पुढे सरकले, तर यंत्र म्हणतं, यात काही दम नाही. एसटीसाठी आलेल्या माणसाला तू दात दाखवलेस की तो सरकणारच.

हे मला लगेच पटलं, कारण हे मी स्टँडवर रोज पाहिलंय. गाडी फलाटाला लागते, पण पाटी लागत नाही तोवर कोणी चढत नाही. पाटी मागच्या फेरीची राहिली असेल तर अनर्थ ओढवतो. कोरेगावचे लोक वाईच्या गाडीत बसतात, वाईचे लोक खाली उभे राहून ड्रायव्हरला विचारतात, "कुठली?", आणि ड्रायव्हर चहा पीत पाटीकडेच बोट दाखवतो. शेवटी केबिनमधला वाहतूक नियंत्रक भोंग्यावरून ओरडतो, तेव्हा अर्धी गाडी उतरते आणि अर्धी चढते. भाचीचं यंत्र म्हणजे हा नियंत्रकच. त्याला गाडीत कोण बसलंय, खिडकीतून काय दिसतंय, याच्याशी काही देणंघेणं नाही. तो पाटी वाचतो.

एकच पाटी लावावी, याच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा आमच्या सोसायटीतच राहतो. नाव सांगत नाही, रोज भेटतात. त्यांना कुठलीच पाटी नाही. सोमवारी ते युक्रेनचं युद्ध कसं थांबेल ते लिहितात, मंगळवारी जीएसटी, बुधवारी मधुमेहावर कारलं, गुरुवारी भारताच्या सलामीच्या जोडीत काय चुकतंय. शनिवारी उपास असल्यामुळे फक्त सुविचार. एक ना धड, भाराभर चिंध्या ही म्हण करणाऱ्यानं त्यांचं लिखाण पाहिलं असतं तर चिंध्यांची माफी मागितली असती.

पण त्यांना हसताना माझी जीभ जरा चाचरते, त्याला कारण मधमाश्या आहेत.

महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, ती बातमी वाचून मी भारावलो होतो. मध मी लहानपणापासून खात आलोय, एवढ्या अधिकारावर एक लेख ठोकून दिला. त्यात आग्या माश्यांनी भरलेल्या लाकडी पेट्यांच्या रांगा, त्यांचा गुंजारव, पहाटेचं धुकं, सगळं होतं. दुपारी एका मधपाळाचा निरोप आला. गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी लिहिलं, "गुरुजी, पेटीत राहते ती सातेरी. आग्या पेटीत राहत नाही, ती कड्याला नाहीतर उंच झाडाला उघडं पोळं टांगते. तरी तुम्ही आग्या पेटीत भरणार असाल तर मला कळवा, मी बघायला येईन. लांबून." खाली आणखी एक ओळ होती. माशी फुलातून मध आणत नाही, मकरंद आणते, त्यातलं पाणी पोळ्यात आटवते, मग त्याचा मध होतो. भूगोलाच्या मास्तरला एका दुपारी दोन धडे मिळाले. लेख मी काढून टाकला नाही. खाली त्यांचा निरोप जोडला. लेखात वाचण्यासारखं तेवढंच आहे, असं बायको म्हणते.

तेव्हा निम्मा मी भाचीच्या बाजूला गेलो. उरलेला निम्मा मात्र वाईच्या रस्त्यावर अडकून राहिला.

वाईत शाळेत जाताना तिथल्या मराठी विश्वकोशाच्या कचेरीचा विषय निघाल्याशिवाय आठवडा जात नसे. इतकी माणसं, एकेकजण आपापल्या विषयातला. कुणी धातूंवर लिहितो, कुणी धान्यांवर, कुणी ध्वनीवर, आणि मग अक्षरक्रमानं ते सगळे एकमेकांशेजारी येऊन बसतात. साधी गाडीच ती. खताच्या पिशवीशेजारी नवरी बसावी आणि दोघांच्या मधून कंडक्टरनं वाट काढावी. या गाडीचे मुख्य संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांच्या नावामागची तर्कतीर्थ ही कलकत्त्याची पदवी एका शास्त्राची, न्यायशास्त्राची. पाटी म्हणायची तर तर्काची. आणि 1960 पासून हा माणूस जगातल्या सगळ्या विषयांच्या नोंदी घेऊन बसला. पहिला खंड यायला 1976 उजाडलं. भाचीनं त्यांना नीश विचारला असता तर काय उत्तर मिळालं असतं, याची मी कधीकधी कल्पना करतो. बहुधा ‘न’ या अक्षराच्या खंडाची वाट पाहायला सांगितलं असतं.

मास्तर म्हणून मला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं जास्त कौतुक वाटतं. तेही सरकारी शाळेत मास्तर. 1874 साली निबंधमाला काढली आणि सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक, बहुतेक सगळे एकहाती. भाषा, इतिहास, कविता, इंग्रजांचा डॉक्टर जॉन्सन, देशाची स्थिती, जे मनात येईल ते. आजच्या सल्लागारांनी त्यांना सांगितलं असतं, शास्त्रीबुवा, मराठीच्या शुद्धलेखनावर राहा, तिथं तुमचा जम बसेल. शास्त्रीबुवांनी त्या सल्ल्यावरही दोन अंक लिहिले असते, आणि सल्लागारानं पुढचा जन्म गुजरातीत घेतला असता.

दुसऱ्या बाजूलाही माणसं तितकीच मोठी आहेत, हे खरं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एक पाटी आणि हजार फेऱ्या. आमच्या वर्गातली निम्मी पोरं भूगोलाच्या पुस्तकात त्यांच्या झुंजारच्या कथा लपवून वाचत. मी जप्त करून स्टाफरूममध्ये वाचत असे. शिरीष कणेकरांनी सिनेमा आणि क्रिकेट अशा दोन डगरींवर पाय ठेवला आणि कधी पडले नाहीत. पण मला खरा पेच पडतो तो मारुती चितमपल्लींपाशी. वरवर पाहिलं तर त्यांच्याइतकी एका विषयाची पाटी कुणाचीच नाही. वनखात्यातली नोकरी, सगळं आयुष्य जंगलात, लिहिलं ते जंगलाचंच. आणि आत शिरून पाहावं तर त्या जंगलात काय नाही? झाडं आणि पक्षी तर असणारच. पण आदिवासींची बोली आहे, संस्कृत ग्रंथांतली पाखरं आहेत, माणसांची दुःखं आहेत, चकवा आहे. कावळ्यांच्या वसाहतीला आपल्याकडे नाव नाही असं दिसल्यावर त्यांनी काकागार हा शब्द दिला. पक्ष्यांची नावं गोळा करता करता त्यांचा कोश झाला. एका विषयाच्या माणसाला भाषेची एवढी उठाठेव करायचं कारण नव्हतं. पण जंगल थांबू देत नसावं. एक वाट धरून आत गेलं की दुसऱ्या दहा वाटा तिला येऊन मिळतात, त्याला माणूस तरी काय करणार.

दुर्गाबाई भागवत उलट्या टोकाच्या. लोककथा, ऋतू, समाजशास्त्र, आणि ‘खमंग’ नावाचं स्वयंपाकाचं पुस्तक. आमच्या जिल्ह्यातच, कऱ्हाडला, 1975 साली त्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीच्या विरोधात बोलल्या. पुरणपोळी आणि आणीबाणी एकाच लेखणीतून येतात म्हणून त्यांना कुणी सोडून गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बाई कोणत्याही विषयात वरवर हात घालत नसत, हे त्याचं कारण असावं. आग्या माशी त्यांनी पेटीत ठेवली नसती.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मामा, त्यांच्या वेळी यंत्र नव्हतं." हा मुद्दा बिनतोड होता. मी फोन ठेवला आणि सहा महिने मुकाट्यानं एसटीवर लिहायचं ठरवलं.

लिहिलं. 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला सुटलेल्या पहिल्या गाडीवर लिहिलं. 1982 च्या दिल्लीच्या खेळांवरून ज्यांना नाव पडलं त्या एशियाड गाड्यांवर लिहिलं. तिकिटाच्या पत्र्याच्या पेटीवर आणि पंचच्या टिकटिक आवाजावर लिहिलं, मग तो आवाज गिळणाऱ्या मशीनवर. एका घंटीला गाडी थांबते आणि दोन घंट्यांना निघते, यावर लिहिलं. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्या गाडीत आया आणि लेकी कशा पुन्हा दिसायला लागल्या, त्यावर लिहिलं. वस्तीच्या गाडीवर लिहिलं, रात्री गावाच्या टोकाला उभी राहणारी, जिच्या ड्रायव्हर-कंडक्टरला कुणाच्या तरी घरची भाकरी येते. वाचणारे वाढत गेले. नियंत्रक खूश होता. पाटी बरोबर होती.

विसाव्या रविवारी माझ्याकडे एसटी संपली. हे कबूल करायला लाज वाटते. सत्तावीस वर्षं मी त्या गाडीत बसलो, तरी गाडीबद्दल मला माहीत होतं ते वीस रविवारांत उरकलं. चाकाच्या नटबोल्टवर लिहिण्याइतकं मला कळत नाही. मधपाळासारखा कुणी मेकॅनिक मला पत्र लिहायला बसलेलाच असणार.

त्या आठवड्यात काहीच सुचेना म्हणून मी डब्याचा लेख लिहिला. 1980 च्या आसपास मी पुण्यात कॉलेजात होतो. शिक्षणाला बाहेर असलेल्या पोरांना तेव्हा घरून डबा यायचा तो एसटीनं. आई साताऱ्याच्या स्टँडवर सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची आणि मी स्वारगेटला जाऊन घ्यायचो. कंडक्टर ओळखीचा नसायचा, पण त्याला ओळख लागत नसे. डब्यावर फडकं बांधलेलं, फडक्यात चिठ्ठी, आणि डब्याच्या वर एक कागदाची पुडी. पुडीत मेतकूट. मेसचा भात कसाही असला तरी त्यावर तूप आणि ते मेतकूट पडलं की जेवण व्हायचं. एकदा पुडी फुटली आणि गाडीच्या बॉनेटवर मेतकूट सांडलं. ड्रायव्हरनं मला डबा देताना एवढंच विचारलं, "आई हिंग कुठला वापरते रे?"

लेख बारा पंधरा ओळी एसटीचा होता. बाकी सगळा आईचा आणि मेतकुटाचा. लोकांनी तो एसटीचा लेख म्हणूनच वाचला. त्याच्यापेक्षा जास्त वाचला गेलेला माझा दुसरा लेख नाही. खाली जे लिहून आलं त्यात कुणी फलटणच्या गाडीनं आलेल्या तिळाच्या वड्यांबद्दल सांगितलं, कुणी डब्यासोबत आलेल्या वडिलांच्या हस्ताक्षराबद्दल. एकानं मात्र विचारलं, "डबा कुठल्या मॉडेलच्या गाडीतून यायचा?" त्याला मी काही सांगू शकलो नाही.

भाचीचा रात्री फोन आला. "बघ मामा, नीशमध्ये राहिलास तर कसं जमतं!"

मी हो म्हटलं. तिला काय सांगणार? साताऱ्याहून सुटणाऱ्या वाईच्या गाडीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत दोन गावं असतात आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत ‘मार्गे’ असतं. नियंत्रक मोठी अक्षरं वाचतो. मी सत्तावीस वर्षं त्या बारीक अक्षरांतून गेलो. पाचवडला गाडी महामार्ग सोडून वाईकडे वळते, आणि त्या वळणानंतर खिडकीबाहेर ऊस लागतो, मग डोंगर जवळ येतात. साताऱ्यात चढलो आणि वाईत उतरलो एवढंच लिहायचं असतं तर एक रविवार पुरला असता. तरीही पाटी नसती तर मी त्या गाडीत चढलोच नसतो, हेही तितकंच खरं आहे, म्हणून भाचीला मी नावं ठेवत नाही.

माझं पोट मात्र त्या लेखानं भरलं नाही. मेतकूट त्यात पुडीएवढंच आलं. म्हणून आईनं कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलेलं प्रमाण शोधून काढलं आणि मधमाश्यांचा धडा लक्षात ठेवून आधी स्वतः करायला बसलो. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, धणे, जिरे, मोहरी, मेथी, सगळं वेगवेगळं भाजायचं. पहिल्या खेपेला मेथी जास्त भाजली गेली आणि सगळं कडू झालं. दुसऱ्या खेपेला घाबरून गहू कच्चे ठेवले. तिसऱ्या खेपेला बायकोनं चमचाभर भातावर घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "जवळ आलंय. हिंग वाढवा."

पुढच्या रविवारी मेतकुटावर लिहितोय. त्यात गाडी नाही, स्टँड नाही, कंडक्टर तर नाहीच. ज्यांना फक्त एसटीसाठीच यायचं आहे त्यांनी आत्ताच बेल मारावी, पाचवडला गाडी दोन मिनिटं थांबते.